क्लोरीन दुप्पट केलं, तरी शिंपले येतातच कसे?

प्रश्न थोडक्यात असा. कोकण किनाऱ्यावरचं औष्णिक वीज केंद्र, खाडीच्या तोंडाशी इनटेक (समुद्राचं पाणी आत घ्यायची जागा), त्याच पाण्यातून विजेने क्लोरीन बनवणारा इलेक्ट्रोक्लोरिनेशन प्लांट, वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरला कुप्रोनिकेलच्या (तांबं-निकेल मिश्रधातूच्या) नळ्या. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत कंडेन्सरमधलं व्हॅक्यूम (निर्वात) घसरतं आणि नळ्यांच्या टोकाचा वॉटर बॉक्स उघडला की ट्यूबशीटवर, म्हणजे नळ्यांची तोंडं बसवलेल्या पत्र्यावर, शिंपल्यांचा सडा पडलेला असतो. क्लोरीनचा डोस १ पीपीएमवरून (लिटरमागे १ मिलिग्रॅम) २ वर नेला, तरी फरक नाही. आता ३ करावा का?

नका करू. तुमची गडबड डिसेंबरात झालेलीच नाही. ती झाली ऑक्टोबरात, आणि ती डोस कमी पडल्यामुळे झालेली नसून बहुधा डोस बंद पडल्यामुळे झाली आहे. हे तुमचा प्लांट न पाहता सांगतोय, त्यामुळे पडताळून घ्या. पडताळायला एक साधी मोजपट्टी पुरते.

पुढच्या वेळी ट्यूबशीट साफ करताना शिंपले सरळ कचऱ्यात जाऊ देऊ नका. घमेलंभर बाजूला काढा आणि शंभरेक शिंपल्यांची लांबी मोजा. आपल्या किनाऱ्यावर इनटेकमध्ये सर्वांत जास्त त्रास देणारा प्राणी म्हणजे हिरवा शिंपला, गोव्यात ज्याला शिणाणो म्हणतात आणि आवडीने खातात तोच. उबदार पाण्यात, भरपूर अन्न वाहून आणणाऱ्या प्रवाहात तो महिन्याला ८-१० मिलिमीटरने वाढतो. म्हणजे डिसेंबरअखेर २०-२५ मिलिमीटरचे शिंपले मिळाले, तर ते साधारण नवरात्र ते दिवाळीच्या सुमारास भिंतीला चिकटलेले. आता तुमच्या नळीचा आतला व्यास आठवा: २२ ते २५ मिलिमीटर. शिंपला नळीच्या तोंडाएवढा होतो तेव्हाच तो तुम्हाला दिसतो. त्याआधीचे अडीच-तीन महिने तो पाणी आणणाऱ्या बोगद्याच्या किंवा कल्व्हर्टच्या (बंद नाल्याच्या) भिंतीवर निवांत बसून मोठा होत असतो, आणि डिसेंबरात तुम्ही डोस वाढवता तो या मोठ्या झालेल्या, जाड कवचाच्या गड्यावर.

मी नोकरीत असताना एका केंद्रात अगदी हेच झालं. पावसाळ्यात इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे क्लोरीन बनवणाऱ्या सेलमध्ये, गाळ साचला होता, म्हणून पावसाळा संपल्यावर सेल उघडायचं ठरलं. सुटे भाग यायला उशीर झाला आणि प्लांट १२ दिवस बंद राहिला. ट्रॅव्हलिंग वॉटर स्क्रीन (कचरा अडवणाऱ्या फिरत्या जाळ्या) स्वच्छ, कंडेन्सर उत्तम, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. शिफ्टच्या रजिस्टरमध्ये 'क्लोरिनेशन बंद' ही नोंद रोज होत होती, रोज सह्याही होत होत्या. त्या सह्यांत एक माझी होती. जानेवारीत आठवड्यात दोनदा लोड (वीजनिर्मिती) उतरवून अर्धा अर्धा कंडेन्सर साफ करायची वेळ आली, तेव्हा मी ते रजिस्टर मागे मागे चाळत गेलो आणि ऑक्टोबरच्या पानावर थांबलो.

असं का होतं हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. शिंपल्याची अळी दोन ते चार आठवडे पाण्यात तरंगत राहते आणि मग चिकटायला जागा शोधते. त्या वेळी तिचा आकार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. तुमच्या स्क्रीनची जाळी ८-१० मिलिमीटरची. अळीला ती जाळी आहे हेही कळत नाही. या वयात तिला मारायला, खरं तर चिकटू न द्यायला, अगदी थोडं क्लोरीन पुरतं. पण एकदा ती चिकटली, कवच धरलं, दोन सेंटिमीटरची झाली, की तिच्या हाती एक हुकमी उपाय येतो: तोंड मिटणे. पाण्यात क्लोरीनची चव लागली की शिंपला झडपा बंद करतो आणि आतल्या साठ्यावर दिवस काढतो. तुम्ही दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मोठा डोस देत असाल, तर तो अर्धा तास तोंड मिटून बसतो आणि उरलेले तेवीस तास जेवतो. १ पीपीएमच्या जागी ३ टाकलं, तरी मिटलेल्या तोंडाला त्याचं काय?

म्हणून मोठे शिंपले मारायचे तर कमी मात्रा पण अखंड, आठवडेच्या आठवडे. तोंड मिटून मिटून उपासमार होते, उघडलं तर क्लोरीन लागतं. नेदरलँड्सच्या केमा या संस्थेने या स्वभावाचाच फायदा घेऊन स्पंद-क्लोरिनेशन काढलं: काही मिनिटं डोस चालू, काही मिनिटं बंद. बंद काळ एवढाच ठेवायचा की शिंपल्याने सावधपणे तोंड उघडायला घ्यावं आणि पुन्हा क्लोरीन यावं. क्लोरीन कमी लागतं. पण तो चालू-बंदचा काळ तुमच्या पाण्यातल्या, तुमच्या जातीच्या शिंपल्यावर प्रयोग करून ठरवावा लागतो. युरोपातल्या थंड पाण्यातले आकडे आपल्याकडच्या २९-३० अंशांच्या पाण्यात जसेच्या तसे लावू नका.

आता डोस म्हणजे नेमकं काय, यावर थोडा वेळ घालवू, कारण बहुतेक भांडणं इथेच होतात. तुम्ही '२ पीपीएम' म्हणता ते इंजेक्शनच्या ठिकाणचं. शिंपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरीन पडलं की काही सेकंदांत त्याची ब्रोमाइडशी गाठ पडते आणि हायपोब्रोमस आम्ल तयार होतं. म्हणजे नावाला क्लोरिनेशन, काम ब्रोमीनचं. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही, उलट चांगलंच आहे: समुद्राच्या ८ च्या वर असलेल्या पीएचला हायपोक्लोरस आम्लाचा जेमतेम पाचवा हिस्सा मारक रूपात उरतो, तर हायपोब्रोमस आम्लाचे पाचातले चार हिस्से. पण त्याच वेळी पाण्यातले सेंद्रिय पदार्थ, गाळ आणि अमोनिया आपापला वाटा उचलतात. खुल्या समुद्रात हा वाटा लहान असतो. खाडीत, विशेषतः जिथे वरून गावाचं सांडपाणी येतं तिथे, तो भरतीला एक आणि ओहोटीला दुसराच असतो. दुपारी बारा वाजता भरतीच्या स्वच्छ पाण्यावर डोस ठरवला आणि रात्री ओहोटीच्या गढूळ पाण्यावर तोच चालू ठेवला, तर पंपहाऊसपर्यंत काहीच उरत नाही.

त्यामुळे पकडायचा आकडा एकच: कंडेन्सरच्या आउटलेटला उरलेलं क्लोरीन. अखंड पद्धतीत तिथे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम दिवसरात्र सापडलं पाहिजे. शिवाय आठवड्यातून एक-दोनदा थोडा वेळ चढता डोस. तामिळनाडूत कल्पाक्कमला मद्रास अणुवीज केंद्राचं पाणी समुद्रतळाखालच्या ४६८ मीटर लांब बोगद्यातून येतं, आणि हिरव्या शिंपल्यांनी तिथे एवढं सतावलं की आपल्या देशातला या विषयावरचा बराचसा अभ्यास त्याच गावात झाला. तिथेही पद्धत हीच ठरली: कमी मात्रेचं सतत क्लोरिनेशन आणि जोडीला ठरावीक दिवशी जादा डोस.

हा उरलेला आकडा मोजताना होणाऱ्या चुका मी इतक्या वेळा पाहिल्यात की सांगतोच. नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला आणि चहा झाल्यावर तपासला, तर तो आकडा चहाचा समजा. उबदार पाण्यात उरलेलं क्लोरीन झपाट्याने कमी होतं. डीपीडीची पेटी (रंगावरून क्लोरीन मोजणारा संच) घेऊन माणसाने नमुन्याच्या नळापाशीच उभं राहावं आणि दोन-तीन मिनिटांत वाचन घ्यावं. दुसरी गोष्ट, नमुन्याची नळी लांब आणि आतून बुळबुळीत असेल तर अर्धं क्लोरीन ती नळीच खाते. नळ दहा मिनिटं मोकळा सोडा, नळी वरचेवर बदला. ऑनलाइन मीटर असला तरी रोज एकदा हाताने ताडून पाहा, कारण त्याच्या इलेक्ट्रोडवरही तोच बुळबुळीत थर बसतो ज्याच्याशी आपण भांडतोय.

आता इलेक्ट्रोक्लोरिनेशन प्लांटकडे वळू, कारण खंड पडतो तो इथे. ५०० मेगावॉटच्या संचाला तासाला साधारण ६० हजार घनमीटर पाणी लागतं असं धरा. १ पीपीएम म्हणजे तासाला ६० किलो क्लोरीन. किलोमागे ४ ते ५ युनिट वीज लागते, म्हणजे २४० ते ३०० किलोवॉट सतत. शिवाय त्याच ६० किलोबरोबर तासाला सुमारे १९ घनमीटर हायड्रोजन निघतो. तो उडवून लावणारे ब्लोअर बंद पडले की प्लांट आपोआप बंद व्हायलाच हवा. ते इंटरलॉक कुणी बायपास केलेलं दिसलं तर आधी तेवढं सरळ करा, शिंपले नंतर बघू. हे सगळं असूनही ९०० किलोच्या क्लोरीन टनरपेक्षा (मोठ्या सिलिंडरपेक्षा) मला हेच बरं वाटतं. वस्तीला लागून टनरचं गोदाम असलेल्या केंद्रात मी रात्रपाळ्या केल्या आहेत, त्या झोपेची आठवण नको.

कोकणातला पावसाळा या प्लांटचा शत्रू आहे. नद्यांचं गोडं पाणी खाडीत उतरतं, खारटपणा घसरतो. सेलला मीठच कमी मिळालं तर व्होल्टेज चढतं आणि तेवढ्याच अँपिअरला क्लोरीन कमी निघतं. कंट्रोल रूममध्ये मात्र करंट नेहमीएवढाच दिसतो, म्हणून सगळे खूश. सेलमधून निघणाऱ्या हायपोची (सोडियम हायपोक्लोराइटची) ताकद पावसाळ्यात रोज टायट्रेशन करून बघा. ती लिटरमागे १ ते २ ग्रॅमच्या घरात असायला हवी. कॅथोडवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर बसतो, त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुलाई करावी लागते. ही धुलाई आणि सेलची मोठी दुरुस्ती पावसाळ्यात उरकून घ्या, कारण तेव्हा पाणी गोडसर आणि गढूळ असतं आणि अळ्यांची वर्दळ कमी असते. बहुतेक केंद्रं नेमकं उलटं करतात: पावसाळाभर रेटतात आणि पाणी निवळलं, खारटपणा परतला, अळ्या आल्या, की प्लांट उघडून बसतात. माझंच उदाहरण वर दिलं आहे. एखादा सेल बंद ठेवणं भागच असेल तर दुसरा स्ट्रीम (सेलची दुसरी रांग) चालू हवा. दुसरा स्ट्रीम नसेल तर बाजारातून सोडियम हायपोक्लोराइटचे टँकर आणून टाका. खर्च अंगावर येतो, पण जानेवारीत लोड उतरवण्यापेक्षा कमीच येतो.

इंजेक्शन कुठे आहे, हेही बघा. अनेक ठिकाणी ते फोरबेमध्ये, म्हणजे पंपाच्या जरा आधी असतं. तेवढ्याने पंप आणि कंडेन्सर सांभाळले जातात, पण समुद्रापासून फोरबेपर्यंतचा बोगदा किंवा पाइपलाइन पूर्ण उघडी राहते. शिंपले तिथे वाढतात आणि तुटून पुढे वाहतात. तुमच्या वर्णनावरून मला हाही संशय येतो. क्लोरीन पाण्यात सोडणारा डिफ्यूझर इनटेकच्या तोंडाशीच हवा.

बोगद्यात काय चाललंय हे कळायला पाणबुड्या दरवेळी लागत नाही. समुद्राची पातळी आणि फोरबेची पातळी यांतला फरक मोजा, मात्र भरती-ओहोटीची तीच वेळ आणि तेवढेच पंप चालू असताना. ३.८ मीटर व्यासाच्या बोगद्यात चहूबाजूंनी २० सेंटिमीटरचा थर बसला तर व्यास ३.४ वर येतो. नुसत्या व्यासामुळेच घर्षणाने जाणारी पातळी पावणेदोन पट होते, आणि शिंपल्यांचा खडबडीतपणा वेगळाच. आपल्या उत्तर कोकणात भरती-ओहोटीत काही मीटरचा फरक असतो. त्यात अमावस्येच्या ओहोटीला फोरबे आणखी खाली गेली की सीडब्ल्यू पंप (कंडेन्सरला पाणी पुरवणारा) हवा ओढायला लागतो. त्याचा खडखडाट एकदा ऐकला की विसरत नाही.

व्हॅक्यूम घसरलं म्हणजे शिंपलेच, असंही नाही. आधी दोन वाचनं शेजारी ठेवा. कंडेन्सरमधून जाताना पाण्याचं तापमान नेहमीपेक्षा जास्त वाढतंय आणि वॉटर बॉक्समधला दाबाचा फरक चढलाय, तर नळ्या बुजल्या आहेत: शिंपले, कचरा, प्लास्टिकच्या पिशव्या. तापमानवाढ तेवढीच, पण वाफेचं तापमान आणि बाहेर पडणारं पाणी यांतली तफावत वाढली, तर नळीच्या आत बुळबुळीत थर आहे किंवा हवा शिरतेय. हा थर म्हणजे बहुतांशी पाणीच, पण हलतं नसलेलं, आणि थांबलेलं पाणी उष्णता वाहून नेण्यात फारच वाईट. केसाएवढा थर पुरतो. पाऱ्याचे १० मिलिमीटर व्हॅक्यूम गेलं तर इंधनाचा खर्च ढोबळमानाने १ टक्क्याने वाढतो, यंत्रानुसार थोडा इकडे-तिकडे. आणि लक्षात घ्या, डिसेंबरात पाणी गार होतं, व्हॅक्यूम सुधारायला हवं. ते 'स्थिर' दिसलं तरी तुम्ही हरताय.

या थरासाठी क्लोरीनच्या जोडीला नळ्यांतून फिरून त्या घासणारे स्पंज बॉल हवेत. तुमच्याकडे ती यंत्रणा असेलच, पण बॉल मोजता का? नळीच्या व्यासापेक्षा १-२ मिलिमीटर मोठा असलेला नवा बॉल घासतो. झिजलेला नुसता फेरफटका मारून येतो. बॉल परत किती आले हे रोज लिहा. परत न आलेले बॉल एक तर समुद्रात गेले, नाहीतर शिंपला अडकलेल्या नळीत बसलेत.

कुप्रोनिकेलच्या नळ्यांबद्दल सावधानतेचा एक शब्द. नळीच्या तोंडाशी एखादा शिंपला अर्धवट अडकला की त्याच्या मागे पाण्याचा भोवरा होतो, आणि तो भोवरा धातूवरचा संरक्षक थर खरवडत राहतो. काही आठवड्यांत तिथे भोक. मग समुद्राचं पाणी कंडेन्सेटमध्ये, म्हणजे बॉयलरकडे परत जाणाऱ्या शुद्ध पाण्यात, आणि कंडक्टिव्हिटीचा (मीठ शिरल्याचं सांगणाऱ्या वाहकतेचा) अलार्म मध्यरात्री. टायटॅनियमला हा त्रास नाही, पण त्यातून तांबंही सुटत नाही, त्यामुळे बुळबुळीत थर त्यावर जास्त खुशाल बसतो. फुकट काहीच नसतं.

आता आत्ता बसलेल्या शिंपल्यांचं काय करायचं? आततायीपणा नको. सगळ्यांना एकाच वेळी मारलंत तर सगळे एकाच वेळी सुटतील. मेलेल्या शिंपल्याचे भिंतीला धरून ठेवणारे दोरे कुजायला काही दिवस लागतात, म्हणजे डोस दिल्यावर 'काही झालं नाही' असं वाटतं आणि आठवड्याने टनावारी कवचं स्क्रीनवर आदळतात. म्हणून चढता डोस संच बंद राहणार असेल त्याच्या आधी आखा, स्क्रीन सतत फिरत्या ठेवा, आणि शक्य तेवढं शटडाऊनमध्ये पाणी काढून खरवडून घ्या. गरम पाणी उलटं फिरवून ४० अंशांच्या वर नेण्याचा उपाय छान आहे, पण तशी पाइपिंग मुळात डिझाइनमध्ये असेल तरच.

उभ्या पाण्याच्या जागा विसरू नका: स्टँडबाय पंपाचा कप्पा, सहायक पाण्याच्या फांद्या, आणि समुद्राचं पाणी भरून ठेवलेली अग्निशमन लाइन. त्या लाइनमध्ये गोडं पाणीच हवं. हायड्रंट उघडल्यावर पाण्याआधी शिंपले बाहेर पडलेले मी पाहिलेत, सुदैवाने सरावाच्या दिवशी. वाहत्या पाण्याचा वेग सेकंदाला दीड-दोन मीटरच्या वर असेल तर अळीला चिकटणं जमत नाही; त्यामुळे वसाहत नेहमी कोपऱ्यात, बेंडच्या मागे, बंद व्हॉल्व्हच्या आड सापडते.

क्लोरीन डायऑक्साइड चांगलं काम करतं आणि ब्रोमोफॉर्म (क्लोरिनेशनमधून होणारं घातक उपउत्पादन) होऊ देत नाही, पण जागेवर बनवावं लागतं आणि महाग पडतं. सिलिकॉनचे निसरडे लेप स्क्रीन आणि इनटेकच्या लोखंडावर जरूर लावा, बोगद्यासाठी त्यांचा विचार सोडा. कथिलाचे जुने विषारी रंग जहाजांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहेत, कुणी गुपचूप सुचवलं तर हाकलून द्या. आणि जेलिफिशचा लोंढा आला तर यातलं काहीच कामाचं नाही. २०११ मध्ये स्कॉटलंडचं टॉर्नेस आणि २०१३ मध्ये स्वीडनचं ऑस्करशाम, दोन्ही अणुवीज केंद्रांत त्यामुळे अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या. तिथे जाळी आणि स्क्रीन धुणारे पंप हेच हत्यार.

३ पीपीएम नको म्हणण्याचं आणखी एक कारण कायद्याचं आहे. एकदा वापरून सोडलेल्या कंडेन्सरच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि तुमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात याहून कडक अट असू शकते, ती काढून वाचा. अमेरिकेत मर्यादा ०.२ ची आणि तीही दिवसाला दोनच तास. आउटलेटच्या तोंडाशी जाळी लावणाऱ्या कोळ्यांना तुमचा डोस तुमच्या मीटरआधी कळतो.

तेव्हा या वर्षी असं करा. गेल्या तीन वर्षांची क्लोरिनेशनची रजिस्टरं काढा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले बंद तास बेरीज करून एका कागदावर लिहा. मग अनंत चतुर्दशी झाली की इनटेकपाशी, डिफ्यूझरच्या अलीकडे, वीतभर लाकडी फळ्यांची एक माळ पाण्यात सोडा, आणि दुसरी डोस दिलेल्या पाण्यात. दर आठवड्याला एक फळी काढून भिंगाखाली बघा. बाहेरच्या फळीवर मोहरीएवढे ठिपके दिसायला लागले त्या दिवसापासून इलेक्ट्रोक्लोरिनेशन बंद करून उघडायचं परमिट माझ्याशी बोलल्याशिवाय द्यायचं नाही, असं मी शिफ्ट इनचार्जच्या टेबलावर चिकटवून ठेवलं होतं. आतल्या फळीवरही ठिपके दिसले तर डोसकडे बघायच्या आधी फळीची दोरी बघा. आमची एकदा सुटून स्टँडबाय पंपाच्या कप्प्यात गेली होती, आणि आम्ही दोन आठवडे उगाच घाबरून काढले.